शॉटगन माइक कॅमेऱ्यावरून उतरवा: मुलाखतीचा आवाज कसा घ्यायचा

पहिल्या काही मुलाखती मी शॉटगन माइक, म्हणजे लांब नळीचा, समोरचाच आवाज नेमका टिपणारा माइक, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवूनच घेतल्या. माइकसोबत हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) बसवायची क्लिप आली होती, म्हणजे त्याची जागा तीच असणार, एवढा साधा हिशेब. चित्र छान यायचं. आवाज मात्र असा यायचा, की बोलणारा माणूस शेजारच्या खोलीत आहे आणि मधलं दार अर्धवट लोटलेलं आहे. माइकच साधा आहे असं वाटून महागातला आणला आणि तोही डोक्यावरच बसवला. शेजारच्या खोलीतला माणूस जरा स्वच्छ ऐकू यायला लागला, एवढाच फरक पडला.

मग एका शूटला लांब लेन्समुळे कॅमेरा पार भिंतीला टेकवावा लागला. तिथून काहीच ऐकू येईना, म्हणून नाइलाजानं लांब वायर जोडली, पहिला स्वस्तातलाच माइक एका लाइट स्टँडला बांधला आणि पाहुण्यांच्या डोक्यावर आणला. हेडफोन कानाला लावला तर माणूस समोर बसून बोलतोय! तेव्हापासून शॉटगन माइक कॅमेऱ्यावर बसवायचा तो फक्त धावपळीच्या शूटला. बसून घेतलेल्या मुलाखतीत तो स्टँडवर, बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ. पुढचं सगळं हे नीट कसं करायचं याबद्दल आहे.

नळी काय करते आणि काय करत नाही

लांब नळी पाहून वाटतं, की दुर्बीण जशी लांबचं दृश्य जवळ आणते तसा हा माइक लांबचा आवाज जवळ आणत असेल. तसं काही होत नाही. आवाज पकडणारी कॅप्सूल नळीच्या मागच्या टोकाला असते आणि नळीच्या अंगावर ओळीनं फटी असतात. समोरचा आवाज नळीतून सरळ आत येतो. बाजूचा आवाज या फटींतून शिरतो, पण प्रत्येक फटीतून आलेला आवाज कॅप्सूलपाशी थोडा मागेपुढे पोहोचतो आणि त्या गोंधळात ते एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. थोडक्यात, समोरचं वाढत नाही, बाजूचं कमी होतं.

तेही सगळं नाही. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला, तर २००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जेमतेम १७ सेंटीमीटर लांब असते. १०० हर्ट्झची लाट मात्र जवळजवळ साडेतीन मीटर. २५ सेंटीमीटरची नळी पहिल्या लाटेला अडवू शकते. दुसरीला ती असून नसल्यासारखी. म्हणून बाजूला कोणी कागद चुरगाळला तर तो दबतो, पण एसीची घरघर, फ्रिजची गुणगुण आणि रस्त्यावरच्या ट्रकचा घोगरा आवाज बराचसा आत येतो. आणि पाहुण्यांनी मान फिरवली, की त्यांच्या बोलण्यातले 'स', 'श', 'च' आधी मंदावतात. आवाज बंद होत नाही, पांघरुणातून आल्यासारखा होतो.

आणखी एक गोष्ट डब्यावर लिहिलेली नसते. बहुतेक शॉटगन माइकना मागच्या बाजूलाही थोडंसं ऐकू येतं. माइक कॅमेऱ्यावर असला, तर कॅमेऱ्यामागे उभं राहून कुजबुजणारे तुम्हीच त्यात सापडता.

माइक, वीज आणि वायर

बाजारात दोन जातीचे माइक मिळतात. एक, ३.५ मिलिमीटरच्या पिनचे, थेट कॅमेऱ्याला जोडायचे. यातले काही स्वतःच्या बॅटरीवर चालतात, काही कॅमेरा माइकच्या सॉकेटमधून जे दोन-चार व्होल्ट देतो त्यावर. दुसरे, एक्सएलआर जोडणीचे (तीन पिनांची गोल जोडणी), ज्यांना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे आवाजाच्या वायरीतूनच माइकला मिळणारी वीज, लागते. ती मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत, वेगळ्या रेकॉर्डरमध्ये किंवा कॅमेऱ्याखाली बसवायच्या अडॅप्टर बॉक्समध्ये मिळते. साध्या मिररलेस कॅमेऱ्याच्या ३.५ मिमी सॉकेटमध्ये ती नसते, त्यामुळे एक्सएलआरचा माइक नुसत्या वायरीनं तिथे जोडला तर बहुतेक वेळा शांतताच रेकॉर्ड होते. सेन्हायझर एमकेई ६०० किंवा रोड एनटीजी२ यांसारखे माइक फँटमवरही चालतात आणि आत एक एए सेल टाकूनही. अशा कॅमेऱ्यांसाठी ते सोयीचे. सेन्हायझर एमकेएच ४१६ला मात्र फँटम हवीच.

फँटम सुरू करायचा क्रम पाळा: आधी वायर जोडा, मग ४८ व्होल्ट चालू करा, काढताना उलट. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) खाली असू द्या, नाहीतर हेडफोनमध्ये असा ठोका बसतो की कान दुखतो.

३.५ मिमीची पिन हातात घेऊन तिच्यावरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असले तर टीआरएस, ती कॅमेऱ्यासाठी. तीन असले तर टीआरआरएस, ती मोबाइलसाठी. चुकीची पिन लावली तर आवाज येतच नाही किंवा फार क्षीण येतो, आणि माणूस तासभर मेनू धुंडाळत बसतो. शिवाय ३.५ मिमीची वायर अनबॅलन्स्ड असते. लांबी वाढली की ती खरखर आणि गुणगुण गोळा करायला लागते. दोन-तीन मीटरपर्यंत माझं काम तिच्यावर भागतं. त्याहून लांब जायचं असेल तर एक्सएलआर. बॅलन्स्ड वायरीत आवाजाची सुलटी आणि उलटी अशा दोन प्रती दोन तारांतून जातात. वाटेत जी खरखर चिकटते ती दोन्हींत सारखीच असते, आणि पलीकडे दोन्हींतला फरक घेतला की ती गळून पडते.

याच उलट-सुलटीनं मला एकदा चांगलंच फसवलं. एक्सएलआरमधून ३.५ मिमीत जाणारी एक स्वस्त वायर आणली होती. हेडफोनमध्ये आवाज येत होता, जरा विचित्र, डोक्याच्या मागून आल्यासारखा. पण येत होता, म्हणून दुर्लक्ष केलं. संपादित व्हिडिओ पाहुण्यांना पाठवला आणि त्यांचा निरोप आला, "चित्र छान आहे, पण माझं बोलणं कुठे गेलं?" ते मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐकत होते. त्या वायरीत एक्सएलआरची पिन २ डाव्या चॅनलला आणि पिन ३ उजव्या चॅनलला जोडलेली होती, म्हणजे एका कानात सुलटा आवाज, दुसऱ्यात उलटा. दोन्ही एकत्र झाले की बेरीज शून्य. सुदैवानं एक चॅनल टाकून दुसराच दोन्हीकडे पसरवता आला आणि मुलाखत वाचली. तेव्हापासून नवी वायर आली की आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो.

खोलीशी आधी ओळख करून घ्या

सामान उघडण्याआधी खोलीच्या मधोमध उभं राहा, सगळ्यांना गप्प करा आणि मिनिटभर डोळे मिटा. मग एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टँग' असा धातूसारखा शेपटा आला, तर ती खोली त्रास देणार. उघड्या भिंती, फरशी, काचेची खिडकी, मोकळं टेबल, सगळ्यांवरून बोलणं उसळून परत येतं.

आणि इथेच शॉटगनची खोड निघते. उसळलेला आवाज बाजूनं, वरून, खालून फटींत शिरतो आणि अर्धवट खोडला जातो. जे उरतं ते पोकळ, नळातून बोलल्यासारखं. छोट्या, घुमणाऱ्या खोलीत म्हणूनच सिनेमाचे साउंडवाले बहुतेक वेळा शॉटगन बाजूला ठेवतात आणि नळी नसलेला छोटा सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड माइक (हेही मुख्यतः समोरचंच ऐकतात) लावतात. तुमच्याकडे तसा असेल तर घरातल्या मुलाखतीला तोच लावा. नसेल, तर खोली मऊ करायची: पाहुण्यांच्या पायाखाली गालिचा, कॅमेऱ्याच्या मागे दोन स्टँडवर टांगलेल्या जाड रजया, मोकळ्या टेबलावर जाड चादर. रजई शक्यतो पाहुण्यांच्या तोंडासमोरच्या भिंतीकडे, कारण बोललेलं आधी तिकडेच जातं. पाहुण्यांना भिंतीला चिकटून बसवू नका, खोलीच्या बरोबर मध्यावरही नको.

मग बंद करायच्या गोष्टी. पंखा, एसी, फ्रिज, टिकटिकणारं घड्याळ. फ्रिज बंद करताना घराची किल्ली त्यात ठेवून द्या, म्हणजे तो परत सुरू केल्याशिवाय कोणी घरी जात नाही. फोन सायलेंटवर पुरत नाही, एअरप्लेन मोडवर टाकायला सांगा. टेबलावर थरथरणारा फोन रेकॉर्डिंगमध्ये ड्रिल मशीनसारखा वाजतो. खुर्ची करकरते का, हे पाहुणे यायच्या आधी स्वतः बसून, डुलून बघा. चाकांची किंवा गोल फिरणारी खुर्ची देऊच नका. मनात अवघडलेला माणूस नकळत तिच्यावर हलत राहतो, आणि प्रत्येक हलण्याबरोबर तोंड माइकच्या रेषेतून सरकतं.

स्टँड, बूम आणि त्या दोन विती

मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं, की थेट पोहोचणारा आवाज ६ डेसिबलनं पडतो. कॅमेरा २ मीटरवर आणि माइक अर्ध्या मीटरवर, म्हणजे अंतर चौपट, १२ डेसिबलचा फरक. बंद खोलीत आणखी एक गंमत होते: तुम्ही माइक लांब नेलात की थेट आवाज पडतो, पण खोलीभर घुमणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. मग तुम्ही गेन वाढवता आणि बोलण्याबरोबर ते घुमणंही वर येतं. लांबून घेतलेला आवाज "खोलीसारखा" लागतो तो यामुळे. संपादनात हे पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर मला अजून भेटलेलं नाही. पुसायला गेलं की बोलणंही खरवडलं जातं.

म्हणून माझं माप विती आहे. पाहुण्यांच्या तोंडापासून माइकच्या टोकापर्यंत दोन विती, फार तर अडीच. म्हणजे साधारण ४५ ते ५५ सेंटीमीटर. मोजपट्टी कोणी काढत नाही, हात सगळ्यांकडे असतो. तीन वितींच्या पुढे गेलात तर फ्रेम थोडी घट्ट करता येईल का ते आधी बघा.

स्टँड लावायचा क्रम असा. जड स्टँड घ्या, सी-स्टँड (सिनेमावाल्यांचा जड, तीन पायांचा लोखंडी स्टँड) असला तर उत्तम. हलक्या लाइट स्टँडवर लांब बूम (माइक टोकाला धरणारा आडवा दांडा) टाकला की तो डुलतो, आणि खाली माणूस बसलेला असतो हे विसरू नका. स्टँडचा सगळ्यात मोठा पाय बूम ज्या दिशेला बाहेर जातो त्याच दिशेला, बूमच्या खाली आला पाहिजे. त्यावर वाळूची पिशवी. बूमच्या मागच्या टोकालाही थोडं वजन लटकवा. सी-स्टँडच्या डोक्यात बूम अडकवताना अशा बाजूनं अडकवा, की माइकच्या वजनानं दांडा खाली ओढला गेला तर स्क्रू आवळला जाईल, सैल होणार नाही. उलट बाजूनं लावलेला बूम पहिली दहा मिनिटं जागेवर राहतो, मग मुलाखत रंगात आली की इंचाइंचानं फ्रेममध्ये उतरायला लागतो. सगळं आवळून झालं की बूम हातानं हलवून बघा आणि मगच पाहुण्यांना खाली बसायला सांगा.

बूमच्या टोकाला शॉक माउंट, म्हणजे धक्के शोषणारी माइकची पकड. माइक त्याच्या रबरांवर तरंगत असला पाहिजे, नळी कुठेही दांड्याला टेकता कामा नये. वायर माइकपासून निघाल्यावर एक छोटा, सैल वळसा देऊन मग दांड्याला बांधा. ताठ वायर शॉक माउंटला बगल देऊन दांड्याचे सगळे धक्के थेट माइकपर्यंत पोहोचवते. ही चूक मी पुष्कळ ठिकाणी बघितली आहे. पुढे वायर दांड्याला गुंडाळत आणा, स्टँडच्या पायाशी टेपनं चिकटवा. विजेच्या वायरीशेजारून समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

आता माइकची दिशा. माइक पाहुण्यांच्या डोक्याच्या बरोबर वर नको, थोडा पुढे हवा. तिथून तिरका खाली, असा की माइकच्या नाकातून दोरी सोडली तर ती ओठांना हलकेच घासून छातीच्या हाडावर पोहोचेल. टाळूवर रोखलेल्या माइकला केस छान ऐकू येतात, बोलणं नाही.

मुलाखत घेणारा सहसा कॅमेऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याशी बसलेला असतो आणि पाहुणे त्याच्याकडे बघून बोलतात, लेन्सकडे नाही. म्हणजे तोंडही तिकडे. त्यामुळे बूम फ्रेमच्या मध्यावर न धरता तुमच्या प्रश्नकर्त्याच्या बाजूला जरा सरकवा. एक हातभर फरक असतो, पण त्या हातभरानं 'श' आणि 'स' परत येतात.

वरूनच का, खालून का नाही? खालून लावलेल्या माइकला छातीचा घुमणारा आवाज जास्त मिळतो, कपड्यांची सळसळ मिळते आणि त्याचं तोंड नेमकं छताकडे, पंख्याकडे वळलेलं असतं. वरच्या माइकचं तोंड जमिनीकडे असतं आणि तिथे आपण गालिचा टाकलेला आहेच. शिवाय मराठीत 'फ' आणि 'भ'ची काही कमी नाही. "फार भयंकर", "फक्त भाषण" असं कोणी माइकच्या थेट समोर म्हणालं, की हवेचा झोत कॅप्सूलवर आदळून 'भप्' असा ठोका बसतो. वर ठेवलेल्या माइकच्या खालून तो झोत निघून जातो. खालून लावायची वेळ येतेच, उदाहरणार्थ छत फार बुटकं असलं किंवा फ्रेममध्ये डोक्यावर खूप जागा सोडायची असली. तेव्हा गुडघ्यांच्या वर, छातीच्या खाली, तोंडाकडे रोखून लावा आणि मिळेल त्या आवाजावर समाधान माना.

उंची ठरवायला दोन माणसं लागतात. एकानं कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघायचं, दुसऱ्यानं माइक हळूहळू खाली आणायचा. फ्रेममध्ये माइकवरच्या फोमचं टोक दिसलं रे दिसलं की थांबा आणि चार बोटं वर घ्या. कॅमेऱ्याची फ्रेम त्यानंतर हलवायची नाही. हलवलीत तर हे परत करा. मग बूमची सावली बघा: पाहुण्यांच्या कपाळावर, मागच्या भिंतीवर. मुख्य लाइट डावीकडून असेल तर बूम उजवीकडून आणला की सावली सहसा फ्रेमबाहेर पडते.

कॅमेऱ्यातलं लेव्हल

पहिलं काम, ऑटो गेन बंद. मेनूत ते कुठल्याही नावानं असो, शोधा आणि मॅन्युअलवर टाका. ऑटो गेन म्हणजे पाहुणे विचार करायला थांबले की कॅमेरा घाबरून आवाज वाढवतो, खोलीतली सगळी सळसळ वर येते, आणि ते पुन्हा बोलायला लागले की पहिला शब्द फाटल्यासारखा येतो. मोठ्या कॅमेऱ्यात सॉकेटशेजारी माइक आणि लाइन असं बटण असतं. ते माइकवर, आणि गरज असेल तर फँटमवर.

छोट्या कॅमेऱ्यांचे आतले प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) तसे बेतास बात. गेन वर नेला की मागे सतत 'हिस्स' ऐकू येतं. माइकवर जास्तीचा आवाज द्यायची सोय असेल (रोड व्हिडिओमिक प्रोवर ती +२० डेसिबल आहे), तर ती चालू करा आणि कॅमेऱ्याचं लेव्हल खालच्या एक-दोन पायऱ्यांवर ठेवा. जोराचं काम माइकला करू द्यायचं, कॅमेऱ्याला कमीत कमी.

आता पाहुण्यांना बोलतं करा. "हॅलो, माइक टेस्टिंग, एक दोन तीन" याचा उपयोग नाही, कारण त्या आवाजात नंतर कोणीच बोलत नाही. "आज इथे कसे आलात, रस्ता सापडला का लगेच?" असं खरंखुरं विचारा आणि ते बोलताना मीटर बघा. बोलणं साधारण −१८ ते −१२ डेसिबलमध्ये खेळत राहावं, उंच शब्द −६च्या आसपास थांबावेत. डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे छत, त्यावर काही नसतं. तिथे आदळलेला आवाज फाटतो आणि नंतर शिवता येत नाही. आणि लोक हसतात. गंभीर माणूससुद्धा विसाव्या मिनिटाला एकदा खदखदून हसतो. एखादी गमतीची गोष्ट विचारून ते हसणं आधीच बघून घ्या, मीटर लाल झाला तर गेन थोडा खाली.

कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये दुसरा चॅनल मोकळा असेल तर तोच माइक तिथे १० डेसिबल खाली रेकॉर्ड करा. बहुतेक वेळा तो लागत नाही. ज्या दिवशी पाहुणे टेबलावर मूठ आपटून बोलतात त्या दिवशी लागतो. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर (जो फार मोठा आवाजही न फाडता साठवतो) असेल तर ही काळजी बरीच मिटते, पण माइकच स्वतःच्या क्षमतेपलीकडे ओरडला गेला तर तेही वाचवू शकत नाही.

व्हिडिओसाठी सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, रेकॉर्डर वेगळा असेल तर २४ बिट. लो-कट फिल्टर (ठरलेल्या हर्ट्झखालचा आवाज कापणारा) ७५ किंवा ८० हर्ट्झवर चालू करायला हरकत नाही. पुरुषांच्या बोलण्याचा पाया साधारण ८५ हर्ट्झच्या वर सुरू होतो, त्यामुळे खालचा घरघराट जातो आणि आवाज पातळ होत नाही.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असाल तर कॅमेऱ्यातही काहीतरी आवाज येऊ द्या आणि सुरुवातीला फ्रेममध्ये एक टाळी. शेवटी आणखी एक. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेम-दोन फ्रेमचा फरक पडून ओठ आणि शब्द वेगळे व्हायला लागतात. शेवटची टाळी असली की तो किती सरकला ते लगेच कळतं.

कानांनी तपासा

मीटर फक्त किती ते सांगतो, कसं ते सांगत नाही. पंख्याच्या घरघरीनंसुद्धा मीटर छान हिरवा नाचतो. कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हेडफोन लावा आणि मुलाखतभर काढू नका. हेडफोन कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या सॉकेटमध्ये, माइकच्या नाही: रेकॉर्ड काय होतंय ते ऐकायचं आहे.

एक प्रयोग मी प्रत्येक वेळी करतो. पाहुणे बोलत असताना मदतनीस माइक हळूच पाच-दहा अंश पुढे-मागे, डावी-उजवीकडे वळवतो आणि मी डोळे मिटून ऐकतो. एका कोनात आवाज अचानक पुढे येतो, शब्दांच्या कडा दिसायला लागतात. तिथे आवळायचं. डोळ्यांना तो कोन कधीकधी चुकीचा वाटतो, कानाचं ऐका.

नेमका कॅमेऱ्यातलाच माइक रेकॉर्ड होतोय की आपला, याची खात्री करायलाही एक जुनी युक्ती आहे. माइकच्या फोमवर नख हलकं ओढा. खरखर मोठी आली तर आपला. कॅमेऱ्याच्या अंगावर नख ओढल्यावर मोठी आली, तर पिन नीट बसलेली नाही आणि कॅमेरा स्वतःच्याच आतल्या माइकवर चालला आहे. हे दोन सेकंदांचं काम आहे आणि मी ते न केल्यामुळे एक संपूर्ण दुपार गमावली आहे.

उघड्यावर

भिंती नाहीत, घुमणं नाही. शॉटगन खरा खुलतो तो इथे. शत्रू एकच, वारा. नुसता फोम घरात पुरतो, बाहेर झुळूक आली तरी हरतो. त्यावर केसाळ कव्हर हवंच. तेवढ्यानं भागत नसेल तर पिंजऱ्यासारखं ब्लिंप, ज्यात माइकभोवती हवेचा स्थिर कप्पा राहतो, आणि त्यावर पुन्हा केसाळ कव्हर. केस चिकटलेले असतील तर विंचरा. ओल्या, गुठळ्या झालेल्या केसांतून आवाज मंद येतो. लो-कट चालू ठेवा. पाहुण्यांना असं बसवा की वारा त्यांच्या पाठीमागून येईल किंवा एखादी भिंत, झाडी मध्ये येईल.

रस्ता जवळ असेल तर वरून लावलेल्या माइकचा फायदा इथेही मिळतो, त्याचं तोंड जमिनीकडे असतं. कॅमेऱ्यावरून समोर रोखलेला माइक पाहुण्यांच्या मागची सगळी रहदारी तेवढ्याच आवडीनं ऐकतो. पार्श्वभूमीला वाहतं पाणी किंवा चौक हवाच असेल तर पाहुणे त्यापासून लांब, लेन्स लांब आणि माइक दीड वीत.

दोन माणसं असली तर

एक शॉटगन दोघांच्या मध्ये टांगू नका. तो कोणाचाच होत नाही. दोन माइक असतील तर एकेकाला एकेक, आणि दोन माइकमधलं अंतर हे माइक ते तोंड या अंतराच्या किमान तिप्पट. माइक एकच असेल तर तो पाहुण्यांचा. प्रश्नकर्त्याला कॉलरचा साधा माइक लावा किंवा प्रश्न नंतर वेगळे रेकॉर्ड करा. पाहुण्यांना सुरुवातीलाच सांगा, की उत्तरात प्रश्न थोडा गुंफून बोला: "मी हे काम सुरू केलं तेव्हा…" असं. संपादनात तुमचा प्रश्न कापला तरी वाक्य उभं राहतं.

बूम हातात धरून दोघांमध्ये फिरवणारा माणूस मिळाला तर काय सांगावं. पण ते कसबाचं काम आहे, तासभर हात वर ठेवून बघा.

रेकॉर्डिंग चालू असताना

उत्तर ऐकताना "हं", "हो का", "अरे वा" म्हणायची आपल्याला सवय असते. ती आवरा आणि मान डोलवून दाद द्या. त्या "हं"मुळे चांगली वाक्यं कापता येत नाहीत. बाहेर विमान किंवा कर्कश हॉर्न आला तर नम्रपणे थांबवा, "ते वाक्य पुन्हा घेऊया का?" म्हणा. लोक रागावत नाहीत, उलट आपलं बोलणं कोणीतरी मन लावून ऐकतंय हे त्यांना कळतं.

गुणगुण ऐकू आली तर चार्जरवर चालणारी यंत्रं एकेक करून बॅटरीवर टाका. बरेचदा कॅमेऱ्याचा अडॅप्टरच गुन्हेगार निघतो. मधूनच कट्कट् येत असेल तर वायरीची दोन्ही टोकं हलवून बघा. आवाज हळूहळू क्षीण होत गेला तर माइकमधला सेल बदला. त्यासाठी नवे सेल खिशात, बॅगेत नाही.

मुलाखत संपली की पाहुणे उठायला बघतात. त्यांना अर्धा मिनिट तसंच बसायला सांगा आणि सगळे गप्प असताना खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. माणसं उठली, की खोलीचा पोत बदलतो, म्हणून बसलेले असतानाच. वाक्यांच्या मधल्या कापांवर हाच तुकडा ठिगळासारखा लावायचा असतो.

स्टँड मोडायच्या आधी सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणचे दहा-दहा सेकंद हेडफोनवर परत ऐका. मग फँटम बंद, वायर बाहेर, माइकमधला सेल काढून वेगळ्या कप्प्यात आणि माइक सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात. कंडेन्सर माइकला ओल सोसत नाही. किल्ली फ्रिजमध्ये आहे.